येवल्याच्या माळावर मी लावलेलं जंगल

दिवाळी अंकासाठी नर्सरीच्या धंद्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की मी गुलाबाच्या कलमांवर लिहिणार. गुलाबांनी मला कधी त्रास दिला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखंही फार नाही. ज्या कामासाठी मला बक्षीस मिळालं आणि जे आठवलं की अजून हातातलं काम थांबतं, त्याबद्दल लिहिते.

सातपूरच्या पुढं, त्र्यंबक रस्त्याला आमची नर्सरी आहे. आमचे हे सातपूरला एका कारखान्यात शिफ्टला जायचे. घरामागं मोकळी जागा होती आणि माझ्याकडं शेतकी पदविका होती. तिची सुरळी करून कपाटात ठेवायची माझी तयारी नव्हती. एकोणतीस वर्षं मी तिथं पिशव्या भरल्या, कलमं बांधली, गिऱ्हाइकं सांभाळली. आता सून बघते. मी सकाळी पाण्याची नळी धरते आणि न मागता सल्ले देते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सरी म्हणजे बी टाका, पाणी घाला, विका. त्यातलं खरं अवघड काम म्हणजे गिऱ्हाइकाला नाही म्हणणं. कॉलेज रोडचे एक डॉक्टर मनालीला जाऊन आले आणि देवदार पाहिजे म्हणून अडून बसले. मी म्हटलं, डॉक्टर, ते बर्फातलं झाड आहे, नाशिकचा एप्रिल ते कसा काढेल? ऐकेनात. शेवटी ओळखीनं मागवून दिलं. मार्चअखेरीस त्यांच्या बाईंचा फोन आला, "अहो, हे रोज फ्रीजमधला बर्फ त्या झाडाच्या आळ्यात टाकतायत. चालेल ना?" मे महिन्यात झाड पार तांबूस होऊन गेलं. डॉक्टर स्वतः सांगायला आले, घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून. दुसरे एक गृहस्थ इगतपुरीच्या फार्महाउसवर बाग करायची म्हणून टेम्पो भरून निवडुंग घेऊन गेले. इगतपुरीचा पाऊस आणि निवडुंग. श्रावणात त्यांनी फोटो पाठवला, त्यात कुंड्यांमधून हिरवट पेज वाहत होती.

अशा लोकांसाठी मी शेडमध्ये शाळेतला एक जुना जगाचा नकाशा टांगला होता. बर्फाचा मुलूख पांढरा, वाळवंटं मातकट, बारमाही पावसाची जंगलं गडद हिरवी, आपल्यासारखी पानगळीची जंगलं फिकी हिरवी, आणि मध्ये मध्ये गवताळ प्रदेशांचे मोठे पिवळे पट्टे. मी पट्टी घेऊन समजावून सांगायचे. जाड साल, बारीक पान, खोल मूळ, हे सगळं त्या त्या मुलखाच्या हवेशी आणि मातीशी जुळवून घेत तयार झालेलं असतं. झाड उचलून आणता येतं, त्याचा मुलूख आणता येत नाही. लोक माना डोलवायचे. हे सगळं मला पुरतं समजलंय, अशी माझी पक्की खात्री होती. पिवळ्या पट्ट्यांबद्दल मात्र मी कधी काही सांगितलं नाही. लॉन सोडलं तर नर्सरीत गवत मागायला कोण येतं?

आठ-नऊ वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कंपनीतले वैद्य साहेब माझ्याकडं आले. सज्जन माणूस, दर वर्षी कंपनीच्या आवारासाठी माझ्याकडूनच रोपं न्यायचे. या वेळी काम मोठं होतं. येवल्याच्या पलीकडच्या एका गावानं आपलं गायरान, म्हणजे गावाच्या मालकीची चराऊ जमीन, झाडं लावायला द्यायचं कबूल केलं होतं. खर्च कंपनीचा, रोपं माझी, लावणं माझं आणि तीन वर्षं जगवणंही माझ्याच अंगावर.

आम्ही जागा बघायला गेलो तेव्हा मार्च सरत आला होता. सपाट, लांबच लांब माळ. मुरमाड जमीन, करड्या रंगाची वाळलेली काडी, कुठं एखादं बोरीचं झुडूप. वैद्य साहेब म्हणाले, "बघा ताई, काहीच नाहीये इथं." मला तसंच दिसलं. काहीच नव्हतं.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक बाई आली. वयानं माझ्याहून थोडी मोठी, डोक्यावर पदर, हातात काठी. ठकूबाई तिचं नाव. त्यांच्या दोन-तीन घरांची मेंढरं त्याच माळावर चरायची.

"काय बघता ताई?"

"जागा बघतोय, मावशी. इथं जंगल करायचंय."

"कुठं?"

"इथंच. सगळीकडं. जमीन रिकामीच पडलीय ना."

"रिकामी नाय ती. वाळलीय," ती म्हणाली. "गवत मुळात गेलंय. पाण्यावर यील परत."

मी तिला समजावलं, झाडं झाली की तुमच्या मेंढरांना सावली होईल.

"मेंढरं काय सावली खात्यात व्हय?" तिनं विचारलं. वैद्य साहेब हसले. मीही हसले. तीसुद्धा थोडी हसली, पण तिथून हलली नाही. आमची गाडी निघेपर्यंत ती उभीच होती.

अशा कामाची एक ठरलेली पद्धत असते. पावसाचं पाणी वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवे चर खणायचे. चराची पातळी शेवटपर्यंत एकसारखी पाहिजे, नाहीतर पाणी एका बाजूला धावतं आणि बांध फुटतो. चराच्या मातीचा बांध, बांधाला लागून खड्डे, खड्ड्यात झाडं. कडुनिंब, करंज थोडे, आणि गिरिपुष्प भरपूर. गिरिपुष्प हे बाहेरून आलेलं झाड. भराभर वाढतं, पाणी कमी लागतं आणि शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. जनावर तोंड लावत नाही, हा आमच्या धंद्यात मोठा गुण धरला जातो. चराऊ जमिनीवर जनावर न खाणारं झाड लावताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज लिहितानासुद्धा खरं वाटत नाही.

एप्रिलमध्ये जेसीबी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका उंचवट्यापाशी ऑपरेटरनं मशीन थांबवलं.

"मॅडम, इथं बिळं हायेत. चार-पाच."

मी लांबूनच बघितलं. "घुशीची असतील. तुम्ही लेव्हल सोडू नका."

"थोडं वळसा घालून घेऊ का?"

"वळसा घातला तर सगळा चर बिघडेल. सरळ घ्या."

त्यानं सरळ घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. ऊन नुकतं चढत होतं. त्या उंचवट्यावर, कालच्या बांधावर, एक प्राणी पुढच्या पायांनी माती उकरत होता. मांजराहून थोडा मोठा, राखी रंगाचा, शेपटीचं टोक काळं. खोकड. आपल्या माळावरचा छोटा कोल्हा. हा प्राणी माणसाच्या चाहुलीनंच पळतो. ही मादी पळाली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत उकरायला लागली. तोंड, मिशा, छाती सगळं मुरमानं माखलेलं. तिच्या बाजूला एक पिल्लू पडलेलं होतं. तिनंच उकरून काढलेलं, गेलेलं.

मी काय केलं ते सांगते. गाडीतलं फावडं आणलं आणि जवळ गेले. ती दहा-पंधरा पावलं मागं सरकली, पण गेली नाही. मी उकरलं. हातभर खाली आणखी दोन सापडली, एकमेकांना चिकटलेली, डोळे मिटलेले, नाकात माती. अंग कडक झालं होतं. मी तिथंच बसले. रोपं मरतात, त्याची सवय असते. शंभरातली किती मरणार याचा आम्ही आधीच अंदाज धरतो. हे तसलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत राग होता की काय होतं, मला माहीत नाही. ती फक्त बघत होती.

मजुरांचा ट्रॅक्टर लांबून दिसला तशी ती निघून गेली. मी तिन्ही पिल्लं परत मातीत ठेवली आणि वरून माती ओढली. ऑपरेटरनं विचारलं, "काय व्हतं मॅडम?"

मी म्हटलं, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी वैद्य साहेब फोटोग्राफर घेऊन येणार होते. चर पूर्ण दिसायला हवे होते. काम एक तासही थांबलं नाही. घरी आले, जेवले, कुणाला काही बोलले नाही. यांनासुद्धा नाही.

जंगल उत्तम झालं. लोक झाडं लावतात आणि विसरतात, मी विसरले नाही. उन्हाळ्यात टँकर लावले, आळ्यांत पालापाचोळा भरला, मेलेल्या रोपांच्या जागी दर पावसाळ्यात नवीन रोपं लावली, म्हणजे आमच्या भाषेत नांग्या भरल्या. जनावरं येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलं. तिसऱ्या वर्षी गिरिपुष्प डोक्याच्या वर गेलं, फेब्रुवारीत सगळा माळ फिक्या गुलाबी फुलांचा झाला. कंपनीनं मोठा कार्यक्रम घेऊन मला सन्मानचिन्ह दिलं. त्या जंगलाचा मोठा फोटो त्यांच्या दरवाजाशी लागला, तसलाच एक मी शेडमध्ये लावला. गिऱ्हाइकांना मी तो दाखवायचे. ठकूबाईची मेंढरं पुन्हा दिसली नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. कुंपण आहे म्हटल्यावर दिसणार नाहीतच, एवढाच विचार मी केला.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी नर्सरीत आली. मनमाडची, वडील रेल्वेत, नाव रेश्मा. गवतांवर संशोधन करते म्हणाली.

"काकू, पवन्याचं बी मिळेल का? किंवा मारवेलचं?"

मला हसू आलं. "गवताचं बी? कशाला गं?"

"माळ परत करायचाय थोडा. येवल्याकडचा एक मोठा माळ गेलाय. कुणीतरी नर्सरीवाल्यानं त्याच्यावर झाडं लावून तो मारून टाकला."

मी कुठला माळ ते विचारलं. तिनं गावाचं नाव सांगितलं. मी मागं वळून भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं.

"तो मी लावलाय," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "मारला म्हणजे काय? ये, चल माझ्याबरोबर, दाखवते तुला काय मारलंय ते."

ती ओशाळली, पण चला म्हणाली. दुसऱ्याच दिवशी पहाटे मुलानं गाडी काढून दिली आणि आम्ही दोघी निघालो. वाटेत मी तिला टँकरचं, नांग्यांचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. गिरिपुष्पाच्या रांगा, मध्ये गार सावली. मी म्हटलं, "बघ."

रेश्मा म्हणाली, "काकू, पाच मिनिटं नुसतं ऐकू या का?"

आम्ही उभ्या राहिलो. वाऱ्यानं पानं हलत होती. लांबून एक ट्रक गेला. कावळा ओरडला. त्याखेरीज काही नव्हतं. पायाखाली काळी, चिकट पडलेली पानं होती. गवताची एक काडी नव्हती. मी इतक्या वर्षांत इथं वर बघत आले होते, झाडाची उंची, खोडाची जाडी. खाली कधी बघितलंच नव्हतं.

मग तिनं फोन काढला. "मी कॉलेजला असताना इथं स्कूटीवरून यायचे, आवाज रेकॉर्ड करायला. हे याच जागेचं आहे, एप्रिलमधलं, याच वेळेचं." तिनं आवाज मोठा केला.

मी कधी इतके आवाज एकदम ऐकले नव्हते. एक पक्षी उंच जाऊन सारखा गात होता, तो चंडोल म्हणाली. टिटव्या. तित्तिर. गवतात किड्यांची एकसारखी किरकिर. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, एका बाईची हाळी. रेश्मा हळू आवाजात सांगत होती. हिवाळ्यात इथं भोवत्या नावाचे शिकारी पक्षी यायचे, मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून, एवढे डोंगर ओलांडून. रात्री जमिनीवर, गवतातच झोपायचे. "त्यांच्या दृष्टीनं तिथला माळ आणि आपला माळ एकच देश, काकू. जंगलात ते उतरत नाहीत."

काळवीट, लांडगा, खोकड, सरडे, ही सगळी उघड्यावर जगणारी मंडळी. लांबवर दिसलं तरच त्यांना पळता येतं, शिकार करता येते. झाडांच्या रांगांत त्यांची अवस्था डॉक्टरांच्या देवदारासारखी. हे तिनं नाही, मी मनात म्हटलं.

रेकॉर्डिंगमध्ये घरघर ऐकू यायला लागली. यंत्राचा आवाज. चंडोल थांबला. टिटव्या ओरडत उठल्या. आणि त्या घरघरीवरून ओरडणारा एका बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "लेव्हल सोडू नका. सरळ घ्या, सरळ."

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. तिच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं फोन बंद केला. "सॉरी काकू, मला खरंच माहीत नव्हतं."

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. मी बांधावर बसले आणि तिथं, त्या मुलीला, मी पहिल्यांदा पिल्लांचं सांगितलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते एका दिवसाच्या ओळखीच्या मुलीला सांगितलं. ती माझी पाठ थोपटत राहिली. धीराचं म्हणून एक खोटं वाक्य ती बोलली नाही, त्याचं मला बरं वाटलं.

ठकूबाईला शोधायला मला महिना लागला. गावात कुणी म्हणे तिकडं, कुणी म्हणे इकडं. शेवटी मनमाडच्या अलीकडं एका कांद्याच्या खळ्यावर ती सापडली. ढिगासमोर बसून कांदे निवडत होती, मोठे वेगळे, बारकी गोल्टी वेगळी. तिनं मला लगेच ओळखलं. मला ते अपेक्षित नव्हतं.

"झाडवाल्या ताई ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो." आणि बसले. कुंपण घातल्यावर दोन वर्षं त्यांनी मेंढरं लांब लांब नेली, मग चाऱ्याला पुरेना तशी थोडी थोडी विकली. मुलगा मनमाडला हमाली करतो. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कांदे निवडता निवडता सांगितलं.

मी तिला बिळांचं सांगितलं. माफी मागायची होती, पण माळ रिकामा वाटला, बिळं घुशीची वाटली, असं काहीबाही बोलत होते.

ती म्हणाली, "मला ठावं हाय ना. मी आलते सांगाया."

"काय सांगायला?"

"त्या उंचवट्यात खोकडीनं पिल्लं घातलीत म्हणून. मशीन तिथवर यायच्या आदल्या सांजेला मी पाह्यली होती, भाईर खेळत होती. दुसऱ्या दिशी सकाळी मी तुमच्याकडं आले. तुम्ही फोनवर बोलत होता. मी म्हणले, ताई, जरा ऐका. तर तुम्ही असा हात केला." तिनं कांद्याच्या टरफलांनी भरलेला हात वर केला, तळवा माझ्याकडं. थांबा. "मी थांबले लय वेळ. मग तुम्ही मशीनकडं गेल्या. मग मी बी गेले. मेंढरं पुढं गेली होती."

मी आठवायचा प्रयत्न केला. अजूनही करते. मला ते आठवत नाही. पिल्लांचं एकेक नख आठवतं, पण माझ्यासमोर उभी राहिलेली ही बाई आठवत नाही. त्या दिवशी मला जो धक्का बसला तो पिल्लं सापडली तेव्हापेक्षा मोठा होता. ती चूक न कळल्यामुळं झाली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होते. कळवायला माणूस माझ्यापर्यंत आलेलं होतं.

त्यानंतर मी वैद्य साहेबांकडं गेले आणि म्हटलं, ती झाडं काढायची आहेत.

"ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी खरंच काळजीनं विचारलं. आमच्या यांनीही साधारण तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत. एकोणतीस वर्षं झाडं लावा म्हणून लोकांच्या मागं लागलेली बाई आता झाडं तोडा म्हणते, त्यांचा तरी काय दोष. मी वैद्य साहेबांना माळावर नेलं, तिथं उभं करून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. माझ्या आवाजापर्यंत. ते म्हणाले, "कंपनीत हे मला समजावून सांगता येणार नाही. पण जमीन गावाची आहे. गावानं ठरवलं तर आम्ही आड येणार नाही. आणि तो फोटो काढायला लावतो."

ग्रामसभेत मला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. तरुण सरपंच म्हणाले, "ताई, तुमचाच सत्कार केला होता आम्ही. आता लोक आम्हाला हसतील." एकानं विचारलं, तोडलेलं लाकूड कोण नेणार, नर्सरीवाल्या का? कुणी म्हणालं, झाडं तोडली तर पाऊस जाईल. मी माझ्या परीनं सांगत होते, जगात जशी जंगलं आहेत तसे गवताचे मुलूख आहेत, ते जंगल व्हायचं राहून गेलेले नसतात, ते पूर्णच असतात. कुणाच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी मागं बसलेले एक म्हातारे उठले. "पूर्वी पोळ्यानंतर आपण माळावरून गवताच्या गाड्या भरून आणायचो," ते म्हणाले. "सांगा, आता पेंढी कुठून आणता?" तेवढ्यानं चर्चा वळली. मला जे तासभर बोलून जमलं नाही ते त्यांनी दोन वाक्यांत केलं.

सगळं मिळालं नाही. नाल्याच्या बाजूची झाडं ठेवायची ठरली, करंज आणि कडुनिंबही राहिले. वरच्या अंगाचं गिरिपुष्प मुळासकट काढायचं, तार काढायची आणि चर होतील तेवढे बुजवायचे. परवानगीच्या कागदांत एक उन्हाळा गेला. माझ्या हातानं लावलेल्या झाडांवर कुऱ्हाड पडताना मी तिथं उभी होते. ते सोपं नव्हतं. आपण वाढवलेलं झाड, त्यात त्याची काय चूक. लाकूड गावच्या बायांनी नेलं.

रेश्मानं गावातल्या बायांबरोबर रस्त्याच्या कडेनं, बांधाबांधावरून पवन्या आणि मारवेलचं बी गोळा केलं. पहिल्या वर्षी सगळीकडं गाजरगवत माजलं. येणारेजाणारे विचारायचे, हेच का तुमचं गवत? आम्ही ते हातानं उपटलं. अंगाला खाज सुटायची, रात्री झोप नाही. रेश्मानं आधीच सांगून ठेवलं होतं, काकू, वरची माती उलटी झालीय, आपण आहोत तोवर पूर्ण बरं होईल असं समजू नका. दुसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, भाद्रपदात वरच्या अंगाला ठिकठिकाणी पवन्याचे ठोंब आले. गुडघ्याएवढे, तांबूस तुरे असलेले. एका सकाळी चंडोल ऐकला. एकच. खोकड काही दिसलं नाही. कधीतरी दिसेल, असं लिहून मी तुमचं आणि माझं समाधान करणार नाही.

आता माझ्याकडं कुणी माळावर झाडं लावायची म्हणून आलं तर मी आधी विचारते, ही जागा पावसाळ्यात बघितलीय का, आणि तिथं कोण चारतं? बहुतेक जण दुसऱ्या नर्सरीत जातात.

गेल्या महिन्यात मी माळाचे फोटो काढून ठकूबाईकडं गेले. त्याच खळ्यावर, तसाच ढीग. तिनं हात पदराला पुसले आणि माझा फोन हातात घेतला. मी फोटो मोठा करून दाखवला. ती बोट न लावता, डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. "ही मारवेल. ह्यो पवन्या. ही कुसळी, ही आधी येतीय." मी न सांगता तिनं सगळं ओळखलं. एक एक फोटो पुढं सरकवत होते, तशी ती मान हलवत होती.

मी म्हटलं, "मावशी, आता कुंपण नाही. सरपंच म्हणतात, पुढच्या वर्षापासून मेंढरं आणली तरी चालतील."

तिनं फोन मला परत दिला.

"गवत आलं, बेस झालं," ती म्हणाली. "पर मेंढरं कुठंयत आता माझ्याकडं?"

ती पुन्हा कांद्यांकडं वळली. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि मोठे वेगळे, गोल्टी वेगळी करायला लागले. तिनं जरा सरकून मला जागा करून दिली.